कराची ते मुंबई : जवळची शहरं, लांबचा प्रवास

फोनवर नकाशा उघडा आणि मुंबईपासून कराचीपर्यंत सरळ रेष ओढा. अंतर भरेल साधारण ८८० किलोमीटर. मुंबईहून दिल्लीसुद्धा याहून लांब आहे. जेट विमानाला हे अंतर कापायला दीड तासाच्या आसपास लागतो. पण तिकीट शोधायला गेलात, तर थेट विमान मिळणार नाही. दुबईमार्गे जायचं म्हटलं तर आधी १,९०० किलोमीटर पश्चिमेला आणि मग जवळपास १,२०० किलोमीटर परत पूर्वेला. म्हणजे साडेतीन पट प्रवास, शिवाय मधला मुक्काम.

गंमत अशी की, भारतातल्या नागरी हवाई वाहतुकीची एक मोठी सुरुवात याच मार्गावर झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी २८ वर्षांचे जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून पस मॉथ हे एका इंजिनाचं छोटं विमान घेऊन निघाले. सोबत प्रवासी नव्हते, टपालाच्या थैल्या होत्या. अहमदाबादला इंधन भरून ते दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी बेल्लारीमार्गे टपाल मद्रासला नेलं. जुहूची धावपट्टी पावसाळ्यात पाण्याखाली जायची, म्हणून त्या महिन्यांत विमानं पुण्याला उतरायची.

सुरुवात कराचीहूनच का? लंडनहून इम्पीरियल एअरवेजचं टपाल १९२९ पासून कराचीपर्यंत हवाई मार्गाने येत होतं. तिथून पुढे मात्र रेल्वे, आणि तिला कच्छचं रण टाळून राजपुतान्यातून वळसा घ्यावा लागायचा. तो वळसा वाचवणं, हाच टाटांच्या टपालसेवेचा फायदा होता.

तेव्हा ही दोन शहरं परकी नव्हती. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीतली १८५५ सालची एन. जे. व्ही. शाळा आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव चालवते. फाळणीनंतर हजारो सिंधी कुटुंबं कराचीहून बोटींनी मुंबईला आली. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत त्यांची सोय झाली आणि त्यातून उल्हासनगर उभं राहिलं.

पुढे हा मार्ग राजकारणाच्या तालावर उघडत-मिटत राहिला. १९७१ च्या युद्धानंतर तुटलेला हवाई संपर्क १९७६ साली पुन्हा जोडला गेला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, बरोबर ५० वर्षांनी, ७८ वर्षांच्या जेआरडींनी छोट्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची-मुंबई हेच उड्डाण पुन्हा केलं. २००२ च्या पहिल्या दिवसापासून दोन वर्षं पुन्हा बंदी आली. २०१७ साली पाकिस्तानच्या सरकारी कंपनीने कराची-मुंबई सेवा थांबवली. एप्रिल २०२५ मध्ये तर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशच बंद केलं.

याची किंमत तिकिटापुरती नाही. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ पासून बंद आहे. त्यामुळे उल्हासनगरमधल्या नातेवाइकांना भेटायचं, तर आधी व्हिसासाठी हजारभर किलोमीटरवरचं इस्लामाबाद गाठायचं आणि तो मिळालाच, तर मग आखातातून फिरून यायचं. १९३२ साली छोट्याशा विमानातून आलेलं पत्र सकाळी कराचीहून निघून दुपारी मुंबईत पोहोचत होतं. आज माणसाला तेवढ्या वेळात तिथून इथे येता येत नाही.