प्रतिपिंडे: शिकवलेली की निवडलेली?

तांबड्या अंगाची, काळ्या डोक्याची गुंज आपल्या ओळखीची आहे. पूर्वी सोनार सोने तोलताना तिचा वजन म्हणून उपयोग करत. ही देखणी बी विषारी असते. तिच्यातील विषाचे नाव अ‍ॅब्रिन. एरंडाच्या बियांमध्ये अगदी त्याच प्रकारचे दुसरे विष असते, त्याचे नाव रिसिन. १८९१ साली बर्लिनमध्ये पॉल एर्लिख या डॉक्टरने या दोन विषांवर एक साधा प्रयोग केला. त्याने उंदरांना अन्नातून अगदी थोडे रिसिन दिले आणि मात्रा हळूहळू वाढवत नेली. काही आठवड्यांनी हे उंदीर नेहमीच्या मारक मात्रेच्या कितीतरी पट रिसिन पचवू लागले. अ‍ॅब्रिनबाबतही हेच घडले. परंतु रिसिनला सरावलेला उंदीर अ‍ॅब्रिनने मरे, आणि अ‍ॅब्रिनला सरावलेला रिसिनने मरे.

दोन विषे इतकी सारखी, तरीही उंदराच्या शरीराला त्यांतील फरक कळत होता. शरीराला हा फरक कोणी शिकवला? विषानेच शिकवला, की तो ओळखण्याची सोय शरीरात आधीपासूनच होती? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे गेली. त्या काळात एक बरोबर कल्पना सबळ पुराव्यामुळे बाजूला पडली आणि नंतर वेगळ्या रूपात परत आली.

रक्तातले काहीतरी

एर्लिखच्या आदल्याच वर्षी, १८९० मध्ये, बर्लिनमध्येच एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी एक महत्त्वाचा शोध जाहीर केला होता. धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या सशाच्या रक्तातील पेशी काढून टाकल्या आणि उरलेला द्रव, म्हणजे सीरम, दुसऱ्या उंदरांना टोचला, तर ते उंदीरही धनुर्वातापासून वाचत. म्हणजे संरक्षण करणारा पदार्थ रक्ताच्या द्रवात विरघळलेला होता. यालाच पुढे प्रतिपिंड असे नाव मिळाले. ज्या परक्या पदार्थामुळे प्रतिपिंड तयार होते, तो प्रतिजन. घटसर्पावरील सीरमच्या कामासाठी १९०१ साली वैद्यकातील पहिले नोबेल पारितोषिक बेरिंगला मिळाले.

एर्लिखने १८९७ मध्ये या सगळ्याचा उलगडा करणारी एक कल्पना मांडली आणि १९०० साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढील व्याख्यानात ती विस्ताराने सांगितली. पेशीच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या आकारांच्या ‘पार्श्वशृंखला’ असतात. त्यांचे नेहमीचे काम पेशीसाठी पोषक द्रव्ये पकडण्याचे. एखादे विष योगायोगाने त्यांतल्या एकीत, कुलपात किल्ली बसावी तसे बसते. ती शृंखला अडकून पडली की पेशी तशाच नव्या शृंखला बनवते, गरजेपेक्षा जास्तच बनवते, आणि जास्तीच्या शृंखला रक्तात सोडून देते. याच त्या प्रतिपिंडे.

या कल्पनेतील महत्त्वाचा भाग असा, की प्रतिपिंड आधीपासूनच पेशीवर असते. परका पदार्थ नवीन काही घडवत नाही. असलेल्यांपैकी एकाला तो पुढे आणतो.

निसर्गात नसलेले पदार्थ

एर्लिखच्या कल्पनेला खरा धक्का दिला तो कार्ल लँडस्टायनर याने. मानवी रक्तगट शोधणारा तो हाच. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून त्याने एक वेगळीच प्रयोगमालिका चालवली. रंगद्रव्ये बनवण्याच्या रसायनशास्त्रातील युक्ती वापरून तो लहानलहान कृत्रिम रेणू प्रथिनांना जोडी आणि अशी प्रथिने सशांना टोची. सशांच्या रक्तात त्या रेणूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत, आणि ती कमालीची चोखंदळ असत. बेंझिनच्या कड्यावर एखादा गट शेजारच्या जागी आहे, एक जागा सोडून आहे की अगदी समोर आहे, एवढा फरकही त्यांना कळे. टार्टारिक आम्लाची दोन रूपे म्हणजे उजव्या-डाव्या हातांसारखी एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे. त्यांच्यातही ती फरक करत.

यातील बरेच पदार्थ प्रयोगशाळेत बनण्यापूर्वी पृथ्वीवर अस्तित्वातच नव्हते. मग सशाच्या पेशींवर त्यांच्यासाठी तयार कुलपे कशी असतील? आणि रसायनशास्त्रज्ञ उद्या जे बनवणार आहे, त्याचीही सोय सशाने करून ठेवली आहे असे मानायचे का? हा आक्षेप बिनतोड वाटला. एर्लिखची कल्पना मागे पडली, आणि उपलब्ध पुराव्याच्या आधारे ती मागे पडणे योग्यच होते.

साच्याची कल्पना

आता उरला दुसरा पर्याय. परका पदार्थच शरीराला शिकवत असला पाहिजे. १९३० साली प्राग येथे ब्रायन्ल आणि हाउरोवित्झ यांनी असे मत मांडले, आणि १९४० मध्ये अमेरिकेतील थोर रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी त्याला नेटके रूप दिले. त्यांच्या मते सर्व प्रतिपिंडांची प्रथिनशृंखला एकच असते. ती घडी घेत असताना प्रतिजन जवळ असेल, तर ती त्याच्या अंगावर घडी घेते. ओल्या मातीवर नाणे दाबले की मातीत नाण्याचा ठसा उमटतो, तसेच. नाणे कोणतेही असो, अगदी काल पाडलेले असो, माती तीच.

या कल्पनेत लँडस्टायनरचे कोडे सहज सुटत होते, आणि तिच्यामागे पॉलिंग यांचे वजन होते. पुढची पंधरा-वीस वर्षे ती सर्वसाधारणपणे मान्य राहिली.

साच्यात न बसणाऱ्या गोष्टी

तरीही काही गोष्टी खटकत होत्या. तोच प्रतिजन दुसऱ्यांदा टोचला, तर प्रतिपिंडे लवकर तयार होतात आणि पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त तयार होतात. मातीला दुसऱ्या वेळी ठसा अधिक वेगाने का घेता यावा? गोवर एकदा झाला की संरक्षण बहुधा जन्मभर टिकते. मग तो साचा शरीरात जन्मभर पडून असतो काय?

सर्वांत अवघड प्रश्न ‘आपल्या’ पदार्थांचा होता. शरीरात स्वतःची हजारो प्रथिने सदैव वावरत असतात. ती साचे का होत नाहीत? १९४५ साली अमेरिकेत रे ओवेन यांना गायींच्या जुळ्या वासरांमध्ये एक विचित्र गोष्ट आढळली. गर्भात असताना अशा जुळ्यांच्या रक्तवाहिन्या बहुधा एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे रक्तपेशींची सरमिसळ होते. जन्मानंतरही प्रत्येक वासरात दोन्ही प्रकारच्या रक्तपेशी सुखाने नांदत होत्या. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्फर्लेन बर्नेट यांनी १९४९ मध्ये यावरून अनुमान काढले, की ‘आपले’ काय हे जन्मतः ठरलेले नसून ते वाढीच्या सुरुवातीच्या काळात ठरते. १९५३ साली इंग्लंडमध्ये पीटर मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते प्रयोगाने दाखवले. उंदराच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या पेशी टोचल्या, तर मोठेपणी तो त्या वाणाच्या कातडीचे रोपण स्वीकारतो, तिसऱ्या वाणाचे मात्र नाकारतो. या कामासाठी बर्नेट आणि मेडावार यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पेशींची निवड

१९५५ साली डेन्मार्कच्या नील्स येर्ने यांनी एर्लिखची मूळ कल्पना पुन्हा वर काढली. सर्व प्रकारची प्रतिपिंडे रक्तात थोडी थोडी आधीच असतात. प्रतिजन आपल्याला जुळणारे तेवढे उचलतो आणि एखाद्या पेशीकडे नेतो, मग ती पेशी त्याच्या प्रती काढते. यात एक अडचण होती. प्रथिन पाहून पेशी त्याची प्रत कशी काढणार, याचा पत्ता लागत नव्हता.

ती अडचण १९५७ मध्ये बर्नेट यांनी, आणि त्याच वर्षी स्वतंत्रपणे अमेरिकेच्या डेव्हिड टाल्मेज यांनी दूर केली. निवड रेणूची होत नाही, पेशीची होते. आपल्या शरीरातील असंख्य लसीका पेशींपैकी प्रत्येक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवू शकते आणि त्याचा नमुना आपल्या पृष्ठभागावर बाळगते. प्रतिजन आला की तो ज्या पेशीशी जुळतो तिचेच विभाजन सुरू होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, असे करत तिच्यासारख्या हजारो पेशी होतात आणि तेच प्रतिपिंड बनवू लागतात. हापूसच्या एका झाडावरून केलेली सर्व कलमे जशी त्याच गुणाची, तसा हा पेशींचा परिवार. अशा परिवाराला क्लोन म्हणतात. ज्या पेशी स्वतःच्याच शरीराशी जुळतात, त्या वाढीच्या सुरुवातीलाच नष्ट होतात.

एवढ्या एका बदलाने खटकणाऱ्या सर्व गोष्टी जागेवर बसल्या. दुसऱ्या वेळी प्रतिसाद वेगवान, कारण जुळणाऱ्या पेशी आता संख्येने जास्त असतात. संरक्षण दीर्घकाळ, कारण त्या परिवारातील काही पेशी मागे राहतात.

कल्पना पटली तरी पुरावा हवा होता. तो मेलबर्नमध्येच मिळाला. बर्नेट यांचे तरुण विद्यार्थी गुस्टाव नोसल आणि अमेरिकेहून आलेले जोशुआ लेडरबर्ग यांनी उंदरांना एकाच वेळी दोन प्रकारचे जंतू टोचले. मग लसीका ग्रंथींतील एकेक पेशी सुटी करून द्रवाच्या अतिसूक्ष्म थेंबात ठेवली, आणि त्या थेंबात वळवळणारे जंतू सोडले. प्रतिपिंड असेल तर जंतूंची हालचाल थांबते. १९५८ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. काही पेशींनी पहिले जंतू थांबवले, काहींनी दुसरे. दोन्हींना थांबवणारी पेशी एकही सापडली नाही.

साच्याच्या कल्पनेवर शेवटचा घाव १९६४ मध्ये बसला. अमेरिकेत एडगर हेबर यांनी प्रतिपिंडाच्या तुकड्याची घडी पूर्णपणे उलगडली आणि प्रतिजन जवळ नसताना ती पुन्हा बसू दिली. तरीही तो तुकडा आपला प्रतिजन पूर्वीसारखाच ओळखू लागला. म्हणजे आकार बाहेरच्या साच्यामुळे येत नाही. तो शृंखलेतील अमिनो आम्लांच्या क्रमातच, पर्यायाने जनुकांत, असतो.

एवढी विविधता येते कुठून?

लँडस्टायनरचा आक्षेप मात्र अजून उभाच होता. प्रतिपिंडे आधीच तयार असतील, तर ती लाखोंच्या संख्येत हवीत. माणसाची प्रथिने बनवणारी जनुके आहेत सुमारे वीस हजार. हिशेब जुळत नाही.

तो जुळवला सुसुमु तोनेगावा यांनी. येर्ने तेव्हा स्वित्झर्लंडमधील बासेल येथील संस्थेचे संचालक होते, आणि तोनेगावा तिथेच काम करत होते. १९७६ मध्ये त्यांनी होझुमी यांच्यासह दाखवले, की गर्भातील पेशींत प्रतिपिंडाच्या जनुकाचे तुकडे दूरदूर असतात, आणि प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशीत ते जोडलेले असतात. प्रत्येक पेशी घडताना तुकड्यांची निवड आणि जोडणी स्वतंत्रपणे, योगायोगाने होते. १९८७ चे नोबेल पारितोषिक त्यांना यासाठी मिळाले.

हा हिशेब फळ्यावर करून दाखवण्यासारखा आहे. प्रतिपिंडात दोन प्रकारच्या शृंखला असतात, जड आणि हलक्या. माणसाच्या जड शृंखलेसाठी तीन प्रकारचे तुकडे लागतात. ते साधारण ४०, २३ आणि ६ आहेत. ४० × २३ × ६ = ५,५२०. हलक्या शृंखलेच्या जोडण्या सुमारे ३२० होतात. कोणतीही जड शृंखला कोणत्याही हलक्या शृंखलेबरोबर जोडली, तर प्रकार होतात १७,६६,४००. शिवाय सांध्यांवर काही अक्षरे गळतात, काही नवी पडतात. त्यामुळे खरा आकडा याच्या कित्येक पट मोठा होतो.

लँडस्टायनरचे कोडे इथे सुटले. उद्या कोणता रेणू बनेल हे सशाला ठाऊक नसते. त्याच्याजवळ आकारांचा एवढा अफाट, आंधळेपणाने बनलेला साठा असतो, की कोणत्याही नव्या पदार्थाला त्यांतले काहीतरी थोडेफार जुळतेच. ही जुळणी सुरुवातीला जेमतेम असते. पुढे विभाजन होताना त्या पेशींच्या प्रतिपिंड-जनुकांत बारीक बदल होत राहतात, आणि अधिक चांगले जुळणाऱ्या पेशी टिकतात. म्हणजे निवड पुन्हा चालते.

वर्गात सांगताना

‘रोगजंतू शिरला की शरीर त्याला पाहून प्रतिपिंडे बनवते’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो. ते अगदी चूक नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात पॉलिंग यांचा साचाच उभा राहतो. ‘जुळणारी पेशी आधीच असते, तिची संख्या वाढते’ असे सांगितले, तर पुष्कळ प्रश्नांची उत्तरे विद्यार्थी स्वतः देऊ शकतात. लस टोचल्यावर संरक्षण मिळायला एक-दोन आठवडे का लागतात? मूठभर पेशींच्या पुरेशा पेशी व्हायला वेळ हवा म्हणून. दुसरी मात्रा कशासाठी? वाढलेला परिवार आणखी वाढावा म्हणून. आणि कधीकधी शरीर स्वतःवरच का उलटते? साठा आंधळेपणाने बनतो, त्यात स्वतःशी जुळणाऱ्या पेशीही असतात, आणि त्या सगळ्याच सुरुवातीला गाळल्या जात नाहीत म्हणून. चुकून सुटलेल्यांना आवरणाऱ्या वेगळ्या पेशी असतात. त्यांच्यावरील संशोधनाला २०२५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विषय शिकवण्यापूर्वी लँडस्टायनरचा प्रश्न मुलांपुढे ठेवून पाहावा: जो पदार्थ जगात कधी नव्हताच, त्याच्याविरुद्ध शरीरात प्रतिपिंड कसे तयार होते? बहुतेक मुले साच्याचे उत्तर देतील. तिथे त्यांना लगेच अडवू नये. त्या उत्तरामागे एकेकाळी चांगली कारणे होती. मग जुळी वासरे आणि एकेका पेशीचे ते थेंब त्यांच्यापुढे मांडावेत, आणि आपले उत्तर कुठे अडते हे त्यांनाच शोधू द्यावे.