धुळ्याची वसवलेली पेठ

वस्तीला कोणती दुकाने हवीत, हा प्रश्न आज नगररचनेचा मानला जात असला, तरी खानदेशात तो 1819 साली धुळे नव्याने वसवतानाच उभा राहिला होता. 1803 च्या भीषण दुष्काळात ओस पडलेल्या या गावात मराठा सरदार विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी पुढल्याच वर्षी पुन्हा माणसे आणली आणि त्याबद्दल त्यांना इनाम, म्हणजे वंशपरंपरेने उपभोगायची जमीन मिळाली; तरीही 1819 मध्ये तेथे 401 घरे आणि अवघी 2509 माणसे होती. पांझरा नदी आणि पाट, म्हणजे बागायतीला पाणी पुरवणारा कालवा, यांच्यामध्ये दाटलेल्या या गावाला ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी जिल्ह्याचे ठाणे केले, दुरून कारागीर आणवले, व्यापाऱ्यांना नव्या धुळ्यात कायमच्या बिनसाऱ्याच्या जागा दिल्या आणि पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना व परगावच्यांना सारख्याच आगाऊ रकमा दिल्या. हा शेवटचा निर्णय सर्वांत शहाणपणाचा म्हणावा लागेल, कारण दुकानदार तेथेच राहू लागला की पेठेला मुळे फुटतात. खाण्याची सोय मात्र त्या आखणीबाहेरच वाढली. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी व वांग्याचे भरीत हे मुळात घरच्या चुलीवरचे जेवण आता जळगाव-धुळ्याच्या खाणावळींतही मिळते.