सामान्यज्ञानाचा प्रश्न : दूरचित्रवाणी आणि बाजारपेठ

दूरचित्रवाणीवरील स्पर्धेत विचारला जाणारा, ठरावीक वेळात आणि बहुधा चार पर्यायांतून एकच निर्विवाद उत्तर मागणारा प्रश्न. भारतात तो आधी रेडिओवर रुजला. १९७२ पासून बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्टने शाळकरी मुलांना त्याची गोडी लावली. १९८५ मध्ये दूरदर्शनवर सिद्धार्थ बसू यांच्या क्विझ टाइमने महाविद्यालयीन संघांना समोरासमोर बसवले. हे प्रश्न इंग्रजी शिकलेल्या घरांचे होते आणि उत्तरेही त्याच घरांतून येत. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर कौन बनेगा करोडपती सुरू झाले, तेव्हा स्पर्धकाची जात बदलली. ४ सप्टेंबर १९९८ पासून ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवर चाललेल्या कार्यक्रमाची ती भारतीय आवृत्ती. ज्याला फोन लागेल तो गरम खुर्चीपर्यंत पोहोचू शकत होता. मराठीत हा खेळ २०१३ मध्ये ईटीव्ही मराठीवर सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाने आला. पुढे २०१९ मध्ये सोनी मराठीवर नागराज मंजुळे यांनी तो चालवला. दोन दशकांत स्पर्धक बदलला, भाषा बदलली, गावे बदलली. प्रश्नांचा साठा मात्र त्या वेगाने बदलला नाही. लोक ज्यावर जगतात त्या व्यवहाराच्या ज्ञानाला या साठ्यात हक्काची जागा मिळायला हवी. चार पर्यायांच्या चौकटीत ते ज्ञान नीट बसते, हे या नोंदीचे प्रतिपादन आहे. त्यासाठी पुण्याच्या मार्केट यार्डाचे उदाहरण घेतले आहे.

आधी पुरावा पाहू. २००० मध्ये एक कोटी जिंकणारे पहिले स्पर्धक मुंबईचे हर्षवर्धन नवाथे. त्यांचा शेवटचा प्रश्न राज्यघटनेवर होता : संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा घटनेने कोणाला दिली आहे? उत्तर, महान्यायवादी. प्रशासकीय सेवेची तयारी करणाऱ्या तरुणाला साजेसाच हा प्रश्न. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी हिंदी कार्यक्रमातच एक कोटी जिंकले. त्या शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवत आणि त्यासाठी त्यांना महिन्याला दीड हजार रुपये मिळत. त्यांना विचारले गेले, की १८५७ च्या उठावाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त सांगणारे ‘दास्तान-ए-गदर’ कोणी लिहिले. जहीर देहलवी हे उत्तर त्यांनी दिले. चूल सांभाळत मिळवलेले हे ज्ञान मोठ्या कष्टाचे होते आणि त्याचे मोल कमी करण्याचे काहीच कारण नाही. पण त्याच बाईंना आणखी एक गोष्ट नक्की ठाऊक असणार. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला शंभर ग्रॅम धान्य धरतात आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे दीडशे ग्रॅम. हा आकडा सरकारी निकषात छापलेला आहे, देशभर एकच आहे आणि कोट्यवधी मुलांच्या ताटाशी बांधलेला आहे. चार पर्यायांत तो सहज बसतो. तरीही प्रश्न तयार करणाऱ्याच्या मनात देहलवी आधी येतात आणि खिचडीतले तांदूळ येतच नाहीत. दोष देहलवींचा नाही. छापील पुस्तकातली गोष्ट म्हणजे ज्ञान आणि हाताने रोज केलेली गोष्ट म्हणजे नुसते काम, ही आपल्याकडची जुनी विभागणी त्यामागे आहे.

मार्केट यार्डात ही विभागणी टिकत नाही. गुलटेकडीच्या या बाजाराचे अधिकृत नाव श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्ड, कारभार पुणे कृषी उत्पन्न बाजार समितीचा. पूर्वी मंडईत आणि नाना-भवानी पेठांत चालणारा घाऊक व्यापार शहर वाढले तसा इथे आला. भुसार, गूळ, फळे, भाजीपाला, कांदा-बटाटा, फुले असे विभाग इथे आहेत. इथला भाव वर्तमानपत्रात रोज छापून येतो आणि त्या कोष्टकातच ज्ञानाची एक व्यवस्था दडलेली असते. फळभाजीचा भाव दहा किलोंचा, भुसाराचा क्विंटलचा, लिंबाचा गोणीचा. मेथी, कोथिंबीर, शेपू यांचा मात्र शेकड्याचा, म्हणजे शंभर जुड्यांचा. पालेभाजीवर पाणी मारले की तिचे वजन वाढते, ऊन लागले की उतरते. जुडी मात्र मोजता येते. म्हणून काट्याऐवजी मोजणी. हापूसची पेटी चार डझनांची की आठ डझनांची, हे फळाच्या आकारावर ठरते, त्यामुळे नुसता पेटीचा भाव ऐकून काहीच कळत नाही. माल कच्चा आहे की तयार, हेही विचारावे लागते. पुरंदरच्या अंजिराला खट्टा आणि मीठा असे दोन बहार आहेत. याच अंजिराला, मंगळवेढ्याच्या ज्वारीला आणि कोल्हापूरच्या गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. यातली कोणतीही गोष्ट तपासता येते, तिचे उत्तर एकच आहे आणि त्या उत्तरामागे सांगण्यासारखे कारण आहे. चांगल्या प्रश्नाला याहून जास्त काही लागत नाही. कारण नसलेले उत्तर पाठ करता येते आणि विसरताही येते; ‘मेथी शेकड्याने का?’ याचे उत्तर एकदा कळले की ते विसरणे अवघड.

पहिला आक्षेप गंभीर आहे. बाजाराचे ज्ञान क्षणिक असते, पहाटेचा भाव दुपारी राहत नाही. मग आधीच चित्रित होणाऱ्या कार्यक्रमात ते विचारायचे कसे? अर्थशास्त्रज्ञ फ्रीड्रिख हायेक यांनी १९४५ च्या एका निबंधात हेच दाखवून दिले होते. विशिष्ट वेळेचे आणि विशिष्ट जागेचे ज्ञान हजारो माणसांत विखुरलेले असते, ते एका ठिकाणी गोळा करता येत नाही आणि किंमत हीच त्याची खूण असते. हे मान्य करावेच लागेल. आज कांदा काय भावाने गेला, हा प्रश्न गरम खुर्चीसाठी नाही. पण भाव आणि भाव ठरण्याची रीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भाव रोज बदलतो, रीत पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि बदलते तेव्हा तो बदल म्हणजे इतिहास असतो. रुमालाखाली बोटे दाबून सौदा करण्याची हत्ता पद्धत शेतकऱ्याला अंधारात ठेवत असे. नियंत्रित बाजारांनी तिच्या जागी उघडा लिलाव आणला. मणाची जागा क्विंटलने घेतली. मण चाळीस शेरांचा, म्हणजे सुमारे ३७.३२ किलोंचा होता आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने दशमान पद्धत आणली. १९६९ चा माथाडी कायदा आला आणि हमालाची नोंदणी, मजुरी, भविष्यनिर्वाह निधी यांची जबाबदारी मंडळांवर आली. पुण्यात बाबा आढाव यांनी उभी केलेली हमाल पंचायत ही त्याच लढ्याची दुसरी बाजू. पाठीवरच्या पोत्याला कायद्याचे संरक्षण कोणत्या साली मिळाले, हे पानिपतच्या सालाइतकेच स्थिर ज्ञान आहे आणि आजच्या मराठी माणसाच्या आयुष्याशी त्याचा संबंध अधिक जवळचा आहे.

दुसरा आक्षेप व्याप्तीचा. पुण्याचा शेकडा गडचिरोलीच्या स्पर्धकाला का माहीत असावा? यातला अर्धा भाग बरोबर आहे. एका आवाराच्या सवयी विचारू नयेत. राज्यभर लागू असलेली व्यवस्था विचारावी. मात्र हा आक्षेप घेताना माप एकच हवे. दिल्ली दरबारातला शायर गडचिरोलीच्या माणसाला माहीत असावा, ही अपेक्षा आपण कुरकुर न करता ठेवतो. शिवाय या खेळाच्या रचनेतच उलट पुरावा आहे. जेम्स सुरोविकी यांनी २००४ च्या पुस्तकात अमेरिकी आवृत्तीचा दाखला दिला आहे : प्रेक्षकांचा कौल ९१ टक्के वेळा बरोबर ठरला आणि फोनवरच्या जाणकाराचे उत्तर ६५ टक्के वेळा. प्रेक्षकांना विचारलेले प्रश्न तुलनेने सोपे असतील, हे धरूनही अंतर मोठे आहे. निवडक विद्वानापेक्षा गर्दीकडे जास्त काही असते, हे या कार्यक्रमाने स्वतःच दाखवले आहे. तर मग गर्दी ज्यात जाणकार आहे तेच क्षेत्र प्रश्नांबाहेर ठेवणे तर्काला धरून नाही. रंजकतेच्या दृष्टीनेही हेच खरे. घरातली सगळी माणसे एकदम उत्तर ओरडतात ते सुरुवातीच्या सोप्या प्रश्नांना, कारण तिथे प्रत्येकाला आपणही खेळत आहोत असे वाटते. आडत, तोलाई, हमाली, पट्टी हे शब्द ज्या घरात रोज बोलले जातात, त्या घराला मोठ्या रकमेच्या प्रश्नावरही तसेच ओरडता आले पाहिजे.

तिसरा मुद्दा स्पर्धा परीक्षांचा आहे आणि तो बाजूला सारता येत नाही. टीव्हीवरचे प्रश्न आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी वाचली जाणारी सामान्यज्ञानाची पुस्तके एकाच साठ्यातून पाणी भरतात. पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत बसलेला शेतकऱ्याचा मुलगा नद्यांची उगमस्थाने पाठ करतो. वडिलांच्या मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, मात्र त्याच्या अभ्यासक्रमात क्वचित येते. मराठीत याला पर्याय नाही असेही नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्येच ‘गावगाडा’त बलुतेदार, हक्क, देणीघेणी यांची नोंद शास्त्रीय विषयाच्या गांभीर्याने केली होती.

मर्यादाही सांगितली पाहिजे. देठाजवळ नाक नेऊन आंबा चार दिवसांनी कसा निघेल हे ओळखणे, मुठीत गहू घेऊन ओल सांगणे, हे ज्ञान चार पर्यायांत उतरत नाही आणि उतरवण्याचा हट्ट धरला तर खोटे प्रश्न तयार होतात. जे उतरते त्यातही शब्दरचना काटेकोर हवी. ‘भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ कोणती?’ याचे उत्तर वऱ्हाडातले कारंजा. पण तिथला कापूस बाजार १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने नियमित झाला, तर बाजारासाठीचा वऱ्हाडचा खास कायदा १८९७ चा आहे. म्हणून प्रश्नात बाजार विचारला आहे की कायदा, हे स्पष्ट असले पाहिजे. ‘फळे-भाजीपाल्यावरची आडत कोण देतो?’ हा प्रश्न तर सालाशिवाय विचारताच येणार नाही. २०१६ पर्यंत ती, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाई. त्या वर्षीच्या जुलैत राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला आणि आडतीचा भार खरेदीदारावर टाकला. आडत्यांनी तेव्हा व्यवहार बंद ठेवले होते. पर्याय लिहिताना शेतकरी, खरेदीदार, बाजार समिती, वाहतूकदार हे चौघे पुरेत, आणि प्रश्नाची सुरुवात ‘२०१६ च्या निर्णयानंतर’ या शब्दांनी व्हावी.