बालहृदयातील मर्मर

वाळल्या पानांतून वारा फिरताना जो नाद उठतो त्यास संस्कृतात 'मर्मर' म्हणतात; आणि हृदयाच्या दोन ठोक्यांमधील अवकाशात रक्तप्रवाहाचा जो सूक्ष्म सुस्कारा कधी कधी वैद्याच्या कानी येतो, त्यासही हेच नाव शोभून दिसते. तो ऐकण्याचे साधन, स्टेथॉस्कोप, फ्रान्सच्या लेनेक या वैद्याने १८१६ साली कागदाच्या गुंडाळीतून शोधले. पुढे १९०९ साली इंग्लंडच्या जॉर्ज स्टिल यांनी निरोगी मुलांच्या छातीत आढळणाऱ्या निरुपद्रवी मर्मराचे वर्णन केले. आणि त्याच वर्षी, सयाजीराव गायकवाडांच्या अमलातील बडोदे शहरात, हिंदुस्थानातील शाळकरी मुलांची पहिली वैद्यकीय तपासणी झाली.

दरवर्षी ऊसतोडीसाठी गाव सोडणाऱ्या मजुरांचा बीड जिल्हा मात्र त्या काळी निजामाच्या मुलखात होता. हैदराबाद संस्थान १९४८ साली विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि या जिल्ह्यातील अंबाजोगाईत १९७४ साली स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. शाळेच्या दारी डॉक्टरांचे पथक नियमाने पाठविण्याची देशव्यापी तजवीज मात्र २०१३ साली, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने केली.

या पथकाच्या तपासणीचे दृश्य साधे असते. डॉक्टर नळीची थंड चकती तळहातावर उबवतात, मुलाला बाकावर निजवून ऐकतात, मग उठवून पुन्हा ऐकतात. निजल्यावर स्पष्ट असलेला नाद बसल्यावर मंदावला, तर तो बहुधा निर्दोष ठरतो. परंतु घशाच्या साध्या दुखण्यामागून, पाच ते पंधरा वर्षांच्या वयात, संधिवाताचा ज्वर येऊन हृदयाच्या झडपा बिघडल्या असतील, तर तोच नाद संकटाची वर्दी असतो. मग दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे चुकवून चालत नाही.

आणि चुकते ती नेमकी येथेच. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली ऊसतोड नवरा-बायकोची 'कोयत्याची' जोडी दसरा-दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर जाते, मागे आजीआजोबा नसले तर मूलही तिच्यासंगे जाते, आणि शाळेच्या हजेरीपटावर नाव राहूनही ते पथकाच्या हाती लागत नाही. 'काळजाला भोक आहे' या धसक्याने एखादी आई जन्मभर झुरते, तर दुसरीच्या मुलाच्या खऱ्या दोषाची चिठ्ठी फडावरच्या कोपीत, त्या तात्पुरत्या झोपडीतच, हरवते.

एकदा ऐकलेला मर्मर म्हणजे निदान नव्हे. त्यास पुन्हा ऐकावे लागते, इकोची, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याची, तपासणी लागते. म्हणून ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांनी गाव सोडण्यापूर्वीच शाळांची तपासणी उरकावी, आणि चिठ्ठी घेऊन निघालेल्या मुलाची पुढची सुई कारखान्याच्या परिसरातील दवाखान्यात ठरल्या तारखेस मिळावी, एवढी व्यवस्था आरोग्य खाते व साखर कारखाने यांनी मिळून करावी.