चिखल, पाणी आणि कमळ : एका उपमेचा इतिहास

कमळापासून माणसाने काय शिकावे, या प्रश्नाचे आजचे ठरलेले उत्तर असे आहे की, चिखलात जन्मूनही निर्मळ राहावे. शाळेच्या फळ्यावरील सुविचारांपासून सत्कारसमारंभांतील भाषणांपर्यंत हे उत्तर इतके रुळले आहे की, ते या फुलाच्या पूजनाइतकेच जुने असावे, असा सहज समज होतो. भारतीय वाङ्मयातील सर्वांत जुन्या उल्लेखांत मात्र या बोधाचा मागमूस नाही. तो टप्प्याटप्प्याने घडत गेला, आणि त्या घडणीत फुलाची प्रतिष्ठा जसजशी वाढली, तसतशी ज्या चिखलाच्या आधाराने ते उभे राहते त्याची किंमत उतरत गेली.

येथे कमळ म्हणजे ज्याची पाने आणि फुले लांब देठांवर पाण्याच्या वर उचललेली असतात आणि ज्याच्या फुलाच्या मध्यभागी उलट्या शंकूच्या आकाराचा बीजकोश असतो, ती वनस्पती. तिचे शास्त्रीय नाव 'नेलुम्बो न्युसिफेरा' असे आहे. कुमुद व नीलोत्पल ही 'निम्फिया' या वेगळ्या प्रजातीतील फुले असून त्यांची पाने पाण्यावर तरंगतात. कवींनी आणि शिल्पकारांनी हा भेद नेहमीच पाळला असे नाही, आणि तो त्यांनी पाळावा अशी अपेक्षाही रास्त नाही. परंतु पुढे येणारा पानाचा आणि पाण्याच्या थेंबाचा दृष्टान्त खऱ्या कमळालाच नेमका लागू पडतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

ऋग्वेदात कमळ येते ते प्रामुख्याने जन्माच्या संदर्भात. पाचव्या मंडलातील एका सूक्तात सुखरूप प्रसूतीसाठी प्रार्थना आहे, आणि वारा कमळांच्या तळ्याला जसा सर्व बाजूंनी हलवतो, तसा गर्भ हलावा आणि बाहेर यावा, अशी उपमा तेथे योजलेली आहे. गर्भधारणेची प्रार्थना करणाऱ्या दहाव्या मंडलातील सूक्तात अश्विनीकुमारांच्या गळ्यात कमळांची माळ आहे, आणि सहाव्या मंडलात अथर्व्याने अग्नी घुसळून काढला तोही कमळातूनच. ओल, ऊब आणि जीव यांच्याशी या फुलाचे नाते जोडलेले आहे; अलिप्तपणाची कल्पना तेथे अजून उगवलेली नाही.

याच परंपरेतील, परंतु ऋग्वेदाच्या मूळ संहितेबाहेर परिशिष्टरूपाने आलेले श्रीसूक्त या दृष्टीने अतिशय बोलके आहे. मराठी घरांत आजही लक्ष्मीच्या पूजेत म्हटल्या जाणाऱ्या या सूक्तात देवी कमळात उभी आहे, कमळाच्या वर्णाची आहे आणि कमळांची माळ ल्यालेली आहे. परंतु तिला घरी आणण्यासाठी जी विनवणी केली आहे, ती तिचे अपत्य मानल्या गेलेल्या कर्दमालाही, म्हणजे चिखलालाही आहे. त्याच्याबरोबर चिक्लीत, म्हणजे ओलावा, यालाही घरात वस्तीला राहण्याचे आवाहन आहे. ज्या समाजाचे सगळे धान्य नदीच्या गाळावर आणि पावसाने भिजलेल्या मातीवर अवलंबून होते, त्याने चिखलाला संपत्तीचे मूल मानावे, यात आश्चर्य नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात प्रवेश करताच समोर दिसणारी गजलक्ष्मी याच कल्पनेचे दगडातील रूप आहे: वरून हत्ती देवीवर पाणी ओतत आहेत, आणि ती बसली आहे ते तळे कमळाच्या पानाफुलांनी गच्च भरलेले आहे. तेथे कमळ कशाच्याही वर उठून दिसण्यासाठी धडपडत नाही.

नैतिक बोध प्रथम स्पष्टपणे आला तो उपनिषदांत, आणि तो फुलाचा नसून पानाचा होता. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सत्यकाम जाबाल आपल्या उपकोसल या शिष्याला सांगतो की, कमळाच्या पानाला जसे पाणी चिकटत नाही, तसे जाणत्याला पापकर्म चिकटत नाही. पित्याचे नाव ठाऊक नसताना आपल्या जन्माविषयी आईने सांगितलेले खरे तेवढेच बोलून ज्याने गुरुकुलात प्रवेश मिळवला, त्या सत्यकामाच्याच तोंडी हा दृष्टान्त यावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. कारण कुळाच्या चिखलाचा विषय काढण्याचा मोह त्याच्या संदर्भात कोणालाही झाला असता, आणि तो येथे काढलेला नाही. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायाने हेच पान उचलले, आणि ज्ञानाच्या जागी कर्म आणून आसक्ती सोडून कर्म करणाऱ्याला ते लागू केले. पान पाण्याच्या वर उचललेले असले, तरी पाणी सोडून ते कोठे जात नाही. म्हणून संसारात राहून काम करणाऱ्याला ही उपमा संन्यासाच्या कोणत्याही उपमेपेक्षा जवळची वाटली.

बौद्ध वाङ्मयात या उपमेला फूल मिळाले आणि तिचा विस्तार झाला. अंगुत्तरनिकायात बुद्ध द्रोण नावाच्या ब्राह्मणाला आपली ओळख करून देताना पाण्यात जन्मलेल्या, पाण्यात वाढलेल्या आणि तरीही पाण्याच्या वर अलिप्त उभ्या राहिलेल्या कमळाचा दाखला देतो. धम्मपदात रस्त्याकडेच्या उकिरड्यात उगवलेले सुगंधी कमळ येते. घाण आणि फूल यांचा विरोध ठळकपणे मांडणारे हे फार जुने उदाहरण आहे. मात्र या सर्वांहून विचारगर्भ प्रसंग महावग्गात आहे. बोध झाल्यावर तो इतरांना सांगावा की नाही, अशा संभ्रमात असलेला बुद्ध जगाकडे पाहतो, तेव्हा त्याला माणसे तळ्यातील कमळांसारखी दिसतात: काही अजून पाण्याखाली, काही पाण्याच्या पातळीवर आणि काही पाण्याबाहेर आलेली. हे पाहून तो शिकवण्याचे ठरवतो. येथील बोध कमळाने शुद्ध कसे राहावे हा नाही. समोरची कळी किती खोलीवर आहे हे शिकवणाऱ्याने ओळखावे, हा आहे. कमळाच्या नावाने दिल्या जाणाऱ्या आजच्या उपदेशांत हा धडा जवळजवळ कोठेच आढळत नाही, याचे एक कारण कदाचित असे असेल की, तो उपदेशकालाच कामाला लावतो.

मराठीत या फुलाला सर्वांत तिरकस धार ज्ञानेश्वरांनी दिली. 'ज्ञानेश्वरी'च्या नवव्या अध्यायातील दृष्टान्तात कमळाच्या कंदाशेजारीच राहणाऱ्या बेडकाला चिखलच मिळतो आणि पराग मात्र भुंगा घेऊन जातो. दोष चिखलाचा नसून शेजाऱ्याला न ओळखणाऱ्या बेडकाचा आहे.

चिखल आणि शुद्धता यांचा आज परिचित असलेला रेखीव विरोध ज्या एका छोट्या लेखाने पूर्व आशियात कायम केला, तो मात्र चिनी आहे. सुंग राजवटीतील अधिकारी व तत्त्वचिंतक झोउ दुन्यी (१०१७–१०७३) याने कमळाच्या आवडीवर लिहिलेल्या निबंधात शेवंती ही एकांतवासी माणसाची, पिओनी ही श्रीमंतांची आणि कमळ हे सज्जनाचे फूल ठरवले. चिखलातून वर येऊनही ते मळत नाही, त्याचा देठ आतून पोकळ व बाहेरून सरळ असतो आणि त्याला दुरून पाहता येते, हाताळता येत नाही, असे त्याचे निरीक्षण आहे. भिक्खूचे फूल येथे सरकारी अधिकाऱ्याचे झाले, आणि दरबारी लाचलुचपतीत सचोटी राखणे हा त्याचा अर्थ पुढे रूढ झाला.

१९९७ मध्ये विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्टोफ नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी कमळाच्या पानाला पाणी का चिकटत नाही, याचे कारण विस्ताराने मांडले. पानाचा पृष्ठभाग गुळगुळीत नसून सूक्ष्म उंचवट्यांनी भरलेला असतो आणि त्यांवर मेणाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यामुळे थेंब टेकतो तो केवळ टोकांवर, आणि घरंगळताना धूळ सोबत घेऊन जातो. म्हणजे पान स्वच्छ राहते ते पाणी टाळून नव्हे, तर पाण्याच्याच साहाय्याने. अलिप्ततेचा अर्थ सांगताना या तपशिलाचा विचार व्हायला हवा होता, पण उपदेशाच्या वाङ्मयाने तो घेतला नाही.

गरीब घरातील मुलाने यश मिळवले की 'चिखलात कमळ उमलले' असे म्हणण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात मुलाच्या कौतुकापेक्षा त्याच्या घराचा आणि वस्तीचा अवमान अधिक आहे, आणि वर पाहिलेल्या जुन्या परंपरेचा बराचसा भाग तिच्या बाजूने उभा राहत नाही. वनस्पतिशास्त्रही राहत नाही, कारण कमळाचा कंद चिखलातच वाढतो, तेथेच अन्न साठवतो आणि प्रतिकूल ऋतू तेथेच काढतो. बाजारात कमळकाकडी म्हणून विकला जातो तो हाच भाग. जपानमधील चिबा येथे १९५१ मध्ये इचिरो ओगा या वनस्पतिशास्त्रज्ञाला दलदलीच्या काळ्या थरात कमळाच्या तीन बिया सापडल्या, ज्यांचे वय सुमारे दोन हजार वर्षे मानले जाते. त्यांपैकी एकीपासून वाढलेल्या रोपाला जुलै १९५२ मध्ये फूल आले. इतका काळ त्या बिया टिकल्या त्या चिखलाखाली, आणि त्यांच्यापासून वाढवलेले कमळ आज चिबा शहराचे अधिकृत फूल आहे.