माद्रिदमध्ये सापडलेली ‘ला नेग्रा’

१९७० च्या दशकाच्या अखेरीस माद्रिदच्या चित्रपट संग्रहालयातील एका जुन्या मूकपटाची ओळख पटली. डब्यावर नाव होते ‘ला नेग्रा’, अक्षरपट्ट्या स्पॅनिश. प्रत्यक्षात तो ऑस्कर मिशो यांचा १९२० सालचा ‘विदिन अवर गेट्स’ होता : कृष्णवर्णीय अमेरिकी दिग्दर्शकाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा चित्रपट. ज्या देशात तो तयार झाला, तेथे त्याची एकही प्रत उरली नव्हती.

हा चित्रपट समजून घ्यायचा तर पाच वर्षे मागे जावे लागते. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ झळकला. कृष्णवर्णीय पुरुष म्हणजे गोऱ्या स्त्रियांवर टपलेला पशू आणि कू क्लक्स क्लॅन म्हणजे तारणहार, असा त्याचा इतिहास. खलपात्रे चेहरे काळे केलेल्या गोऱ्या नटांनी रंगवली. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये त्याचा खास खेळ झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस अटलांटाजवळच्या स्टोन माउंटनवर क्लॅनचे पुनरुज्जीवन करण्यात आले. पडद्यावरचा खोटा इतिहास किती लवकर डोंगर चढतो, याचे याहून ठळक उदाहरण शोधणे कठीण.

मिशो यांचा जन्म १८८४ चा, इलिनॉयमधला. वडील गुलामगिरीत जन्मलेले. मिशो यांनी रेल्वेच्या पुलमन डब्यांत सेवक म्हणून काम केले, साउथ डकोटात जमीन घेऊन शेती केली, त्या अनुभवांवर कादंबऱ्या लिहिल्या आणि त्या दारोदार विकल्या. एका कृष्णवर्णीय चित्रपट कंपनीने ‘द होमस्टेडर’ ही कादंबरी मागितली, तेव्हा दिग्दर्शन आपणच करू, असा हट्ट त्यांनी धरला. बोलणी फिसकटली. मग त्यांनी स्वतःची कंपनी काढून समभाग विकले आणि १९१९ मध्ये तो चित्रपट स्वतःच पूर्ण केला.

‘विदिन अवर गेट्स’ची नायिका सिल्व्हिया लँड्री (अभिनेत्री एव्हलिन प्रीअर) दक्षिणेतील कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेसाठी निधी मिळवायला उत्तरेत जाते. ही कथा थोडी विस्कळीतच आहे. खरा चित्रपट उलगडतो तो शेवटी, तिच्या भूतकाळात. तिचे पालक वडील जॅस्पर लँड्री वाट्याने जमीन कसतात. शिकलेल्या सिल्व्हियाने हिशेब मांडला, म्हणून जमीनदाराची लबाडी उघड होते. हिशेब चुकता करायला लँड्री जातात, त्याच वेळी दुसराच एक गोरा माणूस खिडकीतून जमीनदाराला गोळी घालतो. आळ लँड्रींवर येतो. वर्तमानपत्रातली ‘हकीकत’ही मिशो पडद्यावर दाखवतात : दारूच्या नशेतला हिंसक लँड्री. प्रेक्षकाने खरा प्रसंग पाहिलेला असतो, त्यामुळे छापील शब्दाचा खोटेपणा वेगळा सांगावा लागत नाही.

लँड्रींवर आळ घेणारा कृष्णवर्णीय नोकर एफ्रेम गोऱ्यांचा लाडका म्हणून मिरवतो. पण लँड्री सापडत नाहीत तोवर कंटाळलेला जमाव त्यालाच मारतो. अखेरीस लँड्री पतिपत्नी सापडतात. इकडे जमाव त्यांना फासावर चढवतो, तिकडे जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियावर हात टाकतो. दोन्ही दृश्ये आलटून पालटून. हे तंत्र ग्रिफिथ यांनी क्लॅनच्या दौडीसाठी वापरले होते. मिशो यांनी तेच हत्यार उलट फिरवले.

शिकागोच्या परीक्षण मंडळाने आधी परवानगी नाकारली. भीती निराधार नव्हती : जुलै १९१९ मध्ये याच शहरात उसळलेल्या वांशिक दंगलीत २३ कृष्णवर्णीय आणि १५ गोरे मारले गेले होते. विरोध करणाऱ्या धर्मोपदेशकांत दोन्ही वर्णांचे लोक होते. झुंडबळीचे दृश्य दाखवले तर पुन्हा आग लागेल, असे एका बाजूचे म्हणणे. झुंडबळी घडत असताना ते झाकायचे कशाला, असे दुसऱ्या बाजूचे. काटछाट होऊन जानेवारी १९२० मध्ये तो प्रदर्शित झाला. पुढे गावोगावी कात्री वेगवेगळी चालली. कुठे कापलेला भाग परत जोडून तशी जाहिरातही झाली. मूळ, अंतिम असा एकच ‘विदिन अवर गेट्स’ बहुधा कधी नव्हताच.

माद्रिदची प्रत अमेरिकेत आली आणि १९९३ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिचे जतनकार्य पूर्ण केले. मधला एक छोटा भाग हरवलेलाच राहिला. स्पॅनिश अक्षरपट्ट्या पुन्हा इंग्रजीत आणाव्या लागल्या. त्यासाठी मिशो यांच्या कादंबऱ्यांतील भाषेचा आधार घेण्यात आला. म्हणजे पडद्यावर आज दिसणारे शब्द बहुतांशी त्यांचे नाहीत. याचा पेच शेवटच्या प्रसंगात जाणवतो. सिल्व्हियाच्या छातीवरचा व्रण पाहून हल्लेखोर ओळखतो की ही आपलीच मुलगी; आणि अक्षरपट्टी तिला कृष्णवर्णीय पत्नीपासून झालेली औरस कन्या म्हणते. ज्या दक्षिणेत असा विवाह कायद्याने निषिद्ध होता, तेथे ‘औरस’? हा शब्द मिशो यांचा, परीक्षकांना चुकवण्यासाठी घातलेला, की स्पेनमधल्या कुणा संपादकाचा, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

मिशो १९५१ मध्ये वारले. त्यांनी चाळीसच्या आसपास चित्रपट केले. त्यांतले बरेचसे मूकपट नष्ट झाले. ‘द सिम्बॉल ऑफ द अनकॉन्कर्ड’ची प्रत बेल्जियममध्ये सापडली. ‘द होमस्टेडर’ अजून कुठेच सापडलेला नाही.