गुग्गुळाची परीक्षा

तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घातलेल्या गुग्गुळाचा वास आपल्या घरांना परका नाही. वैद्यांनी दिलेला योगराज गुग्गुळही अनेकांच्या परिचयाचा आहे. राजस्थान, कच्छच्या कोरड्या मुलखात वाढणाऱ्या एका काटेरी झुडपाचा हा डिंक. तो हृदयविकाराच्या चर्चेत कसा आला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. जी. व्ही. सत्यवती संशोधन करीत होत्या. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाचे वर्णन आणि रक्तवाहिन्यांत चरबी साठण्याचा आधुनिक विकार यांत त्यांना साम्य जाणवले. त्या रोगावर ग्रंथात गुग्गुळ सांगितला होता. पण श्लोकाचा दाखला देऊन त्या थांबल्या नाहीत. सशांना कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य देऊन त्यांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल त्यांनी वाढवले आणि मग गुग्गुळ देऊन पाहिला. कोलेस्टेरॉल उतरले. १९६६ साली हे संशोधन प्रबंधरूपाने सादर झाले. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुळापासून ‘गुगुलिपिड’ तयार केले आणि रुग्णांवरील चाचण्यांनंतर १९८०च्या दशकात ते बाजारात आले. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या, ६१ भारतीय रुग्णांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीत घातक ‘एलडीएल’ कोलेस्टेरॉल सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाले.

इथवर सारे मनासारखे होते. मग २००३ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या चाचणीचा निष्कर्ष आला. १०३ जणांपैकी काहींना आठ आठवडे गुगुलिपिड, तर काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते हे रुग्णालाही ठाऊक नव्हते, तपासणाऱ्यालाही नाही. गुगुलिपिड घेणाऱ्यांचे एलडीएल चार ते पाच टक्क्यांनी वाढले. नुसती गोळी घेणाऱ्यांचे मात्र पाच टक्क्यांनी घटले! काहींच्या अंगावर पुरळही उठले.

आता खरे कोणते? दोन्ही चाचण्यांतील माणसे वेगळी, आहार वेगळा, मुदतही वेगळी. म्हणून एका निकालाने गुग्गुळ निकालात निघत नाही, तसा दुसऱ्या निकालाने तो रामबाणही ठरत नाही. मात्र हृदयविकार टाळण्यासाठी त्यावर विसंबावे, इतका भक्कम पुरावा आजही हाती नाही.

काहींना अशी परीक्षा म्हणजे परंपरेचा उपमर्द वाटतो. परंतु बनारसला सशांवर झाली तीही परीक्षाच होती. ती अनुकूल निघाली म्हणून स्वीकारायची आणि प्रतिकूल निघाली की नाकारायची, हा न्याय नव्हे. कोलेस्टेरॉल वाढलेले दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करून नुसत्या डिंकावर भरवसा ठेवणे महागात पडू शकते. धुपाचा गुग्गुळ श्रद्धेने जाळावा. औषधाचा मात्र पारखूनच घ्यावा.